टॉवेलाखाली

मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीत माझे वडील
तीस वर्षं हातानं बोलले.
रव्यांची थप्पी लागली की दलाल
खांद्यावरचा टॉवेल दोन हातांवर टाकायचा
आणि आत बोटं बोटांना भाव सांगायची.
भोवती वीस माणसं.
काहीतरी ठरतंय हे सगळ्यांना दिसायचं,
काय, ते त्या दोन हातांनाच.
डबा घेऊन गेलेली मी चिकट उंबऱ्याशी उभी राहून
टॉवेलाची हालचाल बघायची,
आत मांजराचं पिल्लू असावं तशी.

हे मला आठवलं उद्यमनगरात,
गोंजारी सुपरवायझरनं चहाच्या सुट्टीत चष्मा लावून
आमचंच बोलणं आम्हाला वाचून दाखवलं तेव्हा,
स्वल्पविरामासकट.
सातजणींनी विचारलं होतं इतकंच,
तुला किती पडले, ओव्हरटाइम धरला का.
ॲप कंपनीनं दिलेलं.
मालकाच्या अंगणात बसून
आम्ही कुजबुजत होतो.

डिस्पॅचच्या तसनीम मुजावरनं
दाभोळकर कॉर्नरच्या शेडमध्ये माझा फोन मागितला.
"हे घालतो. फुकट हाय म्हणून न्हाई,
मोकळं हाय म्हणून.
शॉपात व्हॉल्व्हचं ड्रॉइंग भिंतीवर असतंय न्हवं?
कुणीबी बघावं, माप चुकलं तर बोंब मारावी.
ह्याचं कुलूप कसं केलंय तेबी असंच भिंतीवर हाय.
किल्ली तेवढी तुझी तुझ्याकडं."
मग चोरालाही कळेल की, मी म्हटलं.
"कळू दे की."
टॉवेल तरी कुठं कुणापासून लपलेला होता?

दोन्ही फोन शेजारी धरून आम्ही आकडे जुळवले,
साठ, पाच-पाचांच्या घोळक्यांनी.
ती वाचायची, मी हूं म्हणायची.
गंगावेशची बस आली, गेली.
नववा घोळका ट्रकच्या हॉर्नमध्ये बुडाला,
तिनं परत वाचला.
एवढ्या काळजीनं माझ्याशी कुणी
कधी आकडेसुद्धा बोललं नव्हतं.

सोमवारी सातजणी एकदम ऑफिसात शिरलो.
चौदाशेचा फरक होता. नऊशे मिळाले,
उरलेलं दिवाळीनंतर बघू म्हणाले.
गोंजारी अजून विचारतो,
कुठं ठरलं, कधी ठरलं.

वडिलांची वाचा संक्रांतीत गेली.
उजवा हात शाबूत.
माझा पंजा धरून दोन बोटं दाबतात, सोडतात,
मग पेरं, मग अंगठा.
पाणी? उशी? पंखा लावू?
ते डोळे मिटून घेतात.
ही भाषा त्यांनी घरात आणलीच नाही कधी,
गुळानं माखलेल्या चपलांसारखी
बाहेरच सोडून यायचे.
साठ आकडे असते तर
रात्रभर जुळवत बसले असते.

रविवारी रुकडीहून बाळगोंडा चौगुले आले.
वीस वर्षं ह्यांच्यासमोर बसून
ह्यांचा भाव पाडणारा माणूस.
"काय हिंदुराव," म्हणाले, आणि पलंगाच्या दांडीवरचा टॉवेल
दोघांच्या हातांवर टाकला.
पोहे गार झाले.
टॉवेल हलत होता, थांबत होता, परत हलत होता.
मग वडील हसले,
तोंडाच्या एका बाजूनं, पण हसले.

जिन्यात गाठलं मी. काका, काय म्हणाले?
त्यांनी चपलेत पाय सरकवला,
दुसरा सापडेना, शोधला.
"पोरी, सौदा दोघांतला असतोय."

राग आला मला, खोटं कशाला सांगू,
निदान चार पायऱ्यांपुरता.
एप्रनच्या खिशात फोन थरथरला. तसनीम.
आत आई टॉवेल धुवायला घेत होती.
राहू दे, म्हटलं.